खान, बाण आणि मशाल

चाळिशी ओलांडलेल्या मराठवाड्यातल्या कोणत्याही मुसलमानाला १९९० च्या निवडणुकीबद्दल विचारा. उमेदवाराचे नाव त्याला चटकन आठवणार नाही, पण घोषणा आठवेल. ‘खान हवा की बाण हवा?’ भिंतींवर रंगवलेली, भोंग्यांवरून ऐकू येणारी. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. घोषणेतले यमक मुलांना फार आवडायचे. गल्लीतली मुले, त्यात आमचीही, ती म्हणत पळायची. घरातली मोठी माणसे मात्र त्या दिवसांत मगरिबनंतर दार लवकर लावून घ्यायची.

आता २० नोव्हेंबर २०२४ चे मतदान घ्या. त्याच परभणीत धनुष्यबाण चिन्हाचा उमेदवार सुमारे ३४ हजार मतांनी हरला. जिंकली ती मशाल, म्हणजे शिवसेनेचाच दुसरा गट. आणि मशालीचा प्रचार मोहल्ल्यांतून आमचीच पोरे करत होती. एका पिढीत एवढा उलटफेर झाला आणि वर्तमानपत्रांनी तो ‘मुस्लिम मते एकगठ्ठा वळली’ या एका ओळीत उरकला. ही ओळ मला खटकते. माणसांचा गठ्ठा होत नसतो, तो कागदांचा होतो.

थोडे मागे जाऊ. परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १९४८ नंतर हैदराबाद राज्यात राहिली, १९५६ ला मुंबई राज्यात आली आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत इथून शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून आले, आणि पुढे १९७७ मध्ये याच पक्षाचे शेषराव देशमुख. म्हणजे बाणाच्या आधी हा जिल्हा लाल बावट्याचा होता, आणि त्याच्याशी झुंजणाऱ्या काँग्रेसचा. त्या काळात लढाई कापसाच्या भावाची, कुळांची, पाण्याची असायची. मुसलमान मतदार दोन्हीकडे होता आणि त्याबद्दल कोणी विशेष बोलत नसे.

१९८० च्या दशकाच्या शेवटी हवा बदलली. १९८९ च्या लोकसभेला शिवसेनेच्या बाजूने उभे राहिलेले अशोकराव देशमुख परभणीतून निवडून आले. त्याआधी शिवसेनेला स्वतःचे कायम चिन्ह नव्हते, उमेदवार मिळेल त्या चिन्हावर लढत. १९८९ मध्ये तिला धनुष्यबाण हे चिन्ह मिळाले, आणि परभणीतले जुने शिवसैनिक आजही अभिमानाने सांगतात की ते आमच्यामुळे मिळाले. १९९० ला विधानसभेत हनुमंतराव बोबडे गेले. त्यानंतर तुकाराम रेंगे पाटील १९९५ आणि १९९९ ला, संजय जाधव २००४ आणि २००९ ला, राहुल पाटील २०१४, २०१९ आणि २०२४ ला. आठ निवडणुका, एकही खंड नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपण गंमतीने वापरतो, पण या एका बाबतीत परभणी खरोखर वेगळी आहे. मुंबईबाहेर इतका अढळ बालेकिल्ला शिवसेनेला फार थोड्या ठिकाणी सापडेल.

या काळात धर्माच्या नावावर मते मागण्याबद्दल कायदा गप्प होता असे नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे तो भ्रष्ट आचार ठरतो. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून रमेश प्रभू यांची निवड न्यायालयाने रद्द केली आणि बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. पण खटल्याला वर्षे लागतात आणि भिंतीवरची घोषणा एका रात्रीत रंगते.

तरीही सगळा दोष घोषणेला देणे मला पटत नाही. परभणी मतदारसंघात शहर आहे आणि शहरात मुस्लिम वस्ती मोठी आहे. शाही मशिदीपासून हजरत शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्यापर्यंत चालत गेले तरी ते लक्षात येते. (फेब्रुवारीतल्या उरुसात चादर घेऊन न आलेला पक्ष अजून मी पाहिलेला नाही.) एवढी मते असून ती निकालात का दिसली नाहीत, याचे उत्तर आकड्यांत आहे.

२०१४ ला युती आणि आघाडी दोन्ही मोडल्या. परभणीत प्रत्येक पक्ष स्वतंत्र लढला. राहुल पाटील यांना सुमारे ७१ हजार मते मिळाली, दुसऱ्या क्रमांकावर एमआयएमचे सय्यद खालिद सुमारे ४५ हजारांवर आणि तिसरा भाजप सुमारे ४२ हजारांवर. म्हणजे निवडून आलेल्याच्या विरोधात पडलेली मते निम्म्याहून पुष्कळ जास्त होती, पण ती चार ठिकाणी होती. एमआयएमला दुसरा क्रमांक मिळाला म्हणून त्या रात्री वस्तीत फटाके वाजले. मला आजही त्या फटाक्यांचा अर्थ लागत नाही. विधानसभेत दुसऱ्या क्रमांकाला खुर्ची नसते.

२०१९ ला तर याहून विचित्र झाले. विधानसभेला दुसऱ्या क्रमांकावर वंचित बहुजन आघाडीचे मोहम्मद गौस झैन होते, मते सुमारे २२ हजार. पहिल्या क्रमांकाला एक लाखावर. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते. दुसरा क्रमांक आणि तरीही अनामत गेली, असे दृश्य परभणीने पाहिले. त्याच वर्षी लोकसभेला संजय जाधव यांनी राष्ट्रवादीच्या राजेश विटेकरांना सुमारे ४२ हजार मतांनी हरवले. वंचितचे आलमगीर खान तिसरे आले, पण त्यांनी जवळजवळ दीड लाख मते घेतली. फरक ४२ हजारांचा आणि तिसऱ्याकडे दीड लाख. आठवीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर लिहिले तर मुले दोन मिनिटांत निष्कर्ष काढतील.

इथे मला वंचितला किंवा एमआयएमला मत देणाऱ्यांना नावे ठेवायची नाहीत. दलित आणि मुसलमान एकत्र येण्याची इच्छा खोटी नव्हती, आणि आपला माणूस उभा राहिला तर त्याला मत द्यावेसे वाटणे हा काही गुन्हा नाही. प्रत्येक समाज तेच करतो. प्रश्न फक्त इतका की मत देताना आपण निकाल मागतो आहोत की समाधान.

पाथरीचा अनुभव तेच सांगतो. २००४ मध्ये तिथून राष्ट्रवादीचे बाबाजानी दुर्राणी आमदार झाले होते. एका मुस्लिम उमेदवाराला सर्व समाजांची मते पडली, म्हणूनच ते शक्य झाले. पुढे ते विधान परिषदेतही होते. २०२४ ला याच पाथरीत दुर्राणी अपक्ष उभे होते आणि सईद खान हेही रिंगणात होते. राजेश विटेकर निवडून आले, काँग्रेसचे सुरेश वरपूडकर दुसरे राहिले. दोन खान-पठाण घरांची मते कोणाच्या उपयोगी पडली, हे पाथरीकरांना सांगायला माझी गरज नाही.

मग २०२४ ला परभणीत काय वेगळे झाले? २०२२ मध्ये शिवसेना फुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. परभणीचे खासदार जाधव आणि आमदार पाटील दोघेही उद्धव ठाकरे यांच्यासोबत राहिले. आपल्या जिल्ह्यात हे अप्रूपच, कारण इथून शिवसेनेचे खासदार निवडून यायचे आणि पुढे पक्ष सोडून जायचे असा जुना रिवाज होता. महाविकास आघाडीत काँग्रेस आणि राष्ट्रवादीचा गट त्यांच्या बाजूला आला. २६ एप्रिल २०२४ च्या लोकसभेत जाधव यांनी महायुतीचे महादेव जानकर यांना सुमारे १ लाख ३४ हजार मतांनी हरवले. याच निवडणुकीत वंचितने हवामानाचा अंदाज सांगणारे पंजाबराव डख यांना उभे केले होते. पावसाचा अंदाज चुकला तर शेतकरी रागावतो, इथे मात्र निकालाचा अंदाज सगळ्यांनाच आधी लागला होता.

जुने लोक मतदान करून बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा संकोच होता. एका चाचांनी मला म्हटले, “बाजी, जिंदगीभर जिसके खिलाफ डाले, आज उसीकू डालके आये.” मी विचारले, “पछतावा है क्या?” म्हणाले, “नक्को पूछो. हिसाब करके डाले.” हिशेब करून टाकलेले मत. मला हा शब्द ‘गठ्ठा’ या शब्दापेक्षा कितीतरी खरा वाटतो. त्या मतात शिवसेनेवर प्रेम जडले असे काही नव्हते. नव्वदचे दिवस कोणी विसरलेले नाही, आणि मशालवाल्यांनीही ते विसरले गेले असे समजू नये.

राज्यभर पाहिले तर त्या जुन्या घोषणेची गंमतच झाली आहे. सिल्लोडमधून अब्दुल सत्तार २०१९ आणि २०२४ ला धनुष्यबाणावरच निवडून आले, शेवटच्या वेळी अडीच हजारांपेक्षाही कमी मतांनी. मुंबईत वर्सोव्यातून हारून खान मशालीवर निवडून आले. म्हणजे बाणही आहे आणि खानही आहे. पण २८८ च्या सभागृहात २०२४ ला मुस्लिम आमदार आले एकूण दहा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत. मालेगाव मध्यमध्ये मुफ्ती इस्माईल दोनशेपेक्षाही कमी मतांनी जिंकले, औरंगाबाद पूर्वमध्ये इम्तियाज जलील सुमारे दोन हजार मतांनी हरले. ‘माझ्या एका मताने काय होते’ असे म्हणणाऱ्या शेजारणीला हे आकडे सांगा.

आता ‘गठ्ठा’ हा शब्द येतो कुठून, तेही सांगते. तुमचे मत गुप्त असते, पण तुमच्या बूथचे नसते. मतमोजणीनंतर फॉर्म २० नावाचा तक्ता निघतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली ते असते आणि तो कोणालाही पाहता येतो. पूर्वी कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रे आली आणि प्रत्येक मोहल्ला उघडा पडला. यावर उपाय म्हणून अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारे ‘टोटलायझर’ वापरावे असे निवडणूक आयोगाने सुचवले, विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात शिफारस केली. सरकारने ते मानले नाही. म्हणून निवडणूक झाली की कार्यकर्ते तक्ता घेऊन बसतात: या गल्लीने दिले, त्या गल्लीने नाही. मग रस्ता कोणाचा आधी होतो आणि नळाला पाणी कोणाच्या उशिरा येते, हे तुम्ही जाणताच. मुस्लिम वस्तीलाच नव्हे, बौद्ध वस्तीला, एखाद्या तांड्यालाही हाच त्रास आहे. आपण जेव्हा काही मागू, तेव्हा हेही मागायला हवे.

पण यादीत नावच नसेल तर तक्त्याची चर्चा कशाला? मी काही वर्षे बीएलओचे काम केले आहे, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी तपासायचे. उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता-वाचता येत असल्यामुळे मला आमच्या नावांची फरफट स्पष्ट दिसते. फॉर्मची रचना ‘नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ अशी. आमच्याकडे नाव असते शेख रहीम शेख करीम. यात आडनाव कुठले आणि कुठे लिहायचे? एका भावाचे ‘रहीम करीम शेख’ होते, दुसऱ्याचे ‘शेख सलीम’, तिसऱ्याचे ‘शे. कलीम शे. करीम’. एकाच घरातले तिघे यादीच्या तीन टोकांना. मोहम्मदचे मो., मोहमद, महंमद, मुहम्मद असे चार अवतार. जुलेखा कुठे झुलेखा होते तर कुठे जुलैखा. त्यावरून रोमन अक्षरे तयार होतात ती आणखी निराळी. आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरे, यादीत तिसरे.

सर्वांत जास्त नुकसान सुनांचे. माहेरी पूर्णेला नाव ‘शबाना बी शेख हुसेन’ असते, लग्न होऊन परभणीला आली की ती ‘शबाना बेगम’ होते, आणि यादीत ना इकडे ना तिकडे. माहेरच्या पत्त्यावर ती राहत नाही म्हणून तिथले नाव कमी होते. सासरी कोणी फॉर्म भरलेला नसतो. दहा-दहा वर्षे संसार केलेल्या, मुलांना शाळेत सोडायला येणाऱ्या बायकांनी एकदाही मत दिलेले नाही, असे मी पाहिले आहे. घरचे म्हणतात, “उसका नाम नै आया.” नाव येत नसते, आणावे लागते.

त्यासाठी काय करायचे ते इथे सांगून टाकते, कारण हे प्रश्न मला रस्त्यात थांबवून विचारले जातात. नव्याने नाव घालायचे तर फॉर्म ६. पत्ता बदलला, लग्न होऊन गाव बदलले, नावातले अक्षर चुकले, फोटो चुकला, तर फॉर्म ८. फॉर्म ७ हा नाव वगळण्यासाठी किंवा कोणाच्या नावावर हरकत घेण्यासाठी असतो. तुमच्या नावावर कोणी हरकत घेतली तर तुम्हाला नोटीस मिळणे आणि तुमचे म्हणणे ऐकले जाणे हा तुमचा हक्क आहे. नोटीस आली की घाबरून कपाटात ठेवू नका, कागद घेऊन हजर व्हा. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा वर्षे पूर्ण असावी लागत. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुला-मुलीला आगाऊ अर्ज करता येतो. बारावीच्या फॉर्मसोबत हाही फॉर्म भरून टाकावा, तेव्हा सगळे दाखले तसेही हाताशी असतात. मुलीचे तर नक्कीच भरावे. लग्नानंतर फक्त पत्ता बदलायचा राहतो.

मतदानाच्या दिवशी ओळखपत्रात एखादे अक्षर चुकलेले असले तरी तेवढ्यावरून मत नाकारता येत नाही, ओळख पटली पाहिजे इतकेच. पण हातात कार्ड आहे आणि यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही. लोक नेमके याच्या उलट समजतात. म्हणून कार्ड सांभाळण्याइतकेच यादी दरवर्षी पाहणे महत्त्वाचे. केंद्रावर गेल्यावर कळले की तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले आहे, तर भांडून परत येऊ नका. केंद्राध्यक्षाकडे ‘टेंडर मत’ मागा. ओळख पटल्यावर तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. ते मत नेहमीच्या मोजणीत येत नाही, वेगळ्या पाकिटात राहते, पण तुमच्या बाजूने नोंद होते आणि प्रकरण कोर्टात गेले तर उपयोगी पडते.

बुरख्याचा प्रश्न दर निवडणुकीत टीव्हीवर येतो. केंद्रावर प्रत्यक्षात तो फार छोटा असतो. पडदानशीन बायका जास्त असतील तिथे महिला कर्मचारी ठेवायची आणि आडोशाला चेहरा पाहून ओळख पटवायची, अशी व्यवस्था सूचनांमध्येच आहे. मी हे काम केले आहे. नकाब वर, चेहरा फोटोशी जुळला, नकाब खाली, बोटाला शाई. दहा सेकंद. एकही खाला कधी रुसली नाही. उलट एकीने मलाच सुनावले, “ठीकसे देख लेव बाजी, फोटू जवानीका है.”

घरात मात्र एक गोष्ट अजून व्हायची आहे. आदल्या रात्री कोणीतरी येऊन कर्त्या पुरुषाच्या कानात चिन्ह सांगून जातो आणि सकाळी तेच चिन्ह जेवणाच्या दस्तरखानवर सर्वांना सांगितले जाते. नळाला आठ-आठ दिवसांनी येणारे पाणी भरून ठेवते कोण? मुलांना ट्यूशनला पाठवते कोण, सासूला दवाखान्यात नेते कोण? परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले, त्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने झाली. त्याचा फायदा-तोटा ज्या बाईला रोज जाणवतो, तिला उमेदवाराबद्दल मत असणारच. तिला विचारा तरी. प्रत्येक उमेदवार अर्जासोबत शपथपत्र देतो, त्यात त्याची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि त्याच्यावरचे गुन्हे लिहिलेले असतात. ते मोबाईलवर पाहता येते. आमच्या शेजारच्या गंगाखेडमध्ये २०१९ ला एक उमेदवार तुरुंगातून निवडून आला, तेव्हा त्याच्या शपथपत्रात काय होते हे किती घरांत वाचले गेले असेल? एखाद्या रविवारी दहावी-बारावीच्या मुलीला ते मोठ्याने वाचायला लावा आणि अम्मी, दादी, सगळ्यांनी ऐका. तिचे मराठीही सुधारेल.

मतदारसंघांच्या सध्याच्या हद्दी २००८ च्या आहेत आणि २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या आहेत. त्या वेळी सिंगणापूर हा मतदारसंघच नाहीसा झाला, परभणी तालुक्याचा काही भाग पाथरीला जोडला गेला. पुढची जनगणना २०२७ साठी जाहीर झाली आहे. ती झाल्यावर हद्दी पुन्हा आखण्याची वेळ येईल, तेव्हा कोणता मोहल्ला कुठे जातो यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात. मागच्या वेळी आमच्या वस्तीतून एकही अर्ज गेला नव्हता. जनगणनेची बाई दारात येईल तेव्हा घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय आणि मातृभाषा व्यवस्थित सांगा. बहुधा ती बाई एखादी शिक्षिकाच असेल, तिला उन्हात उभे ठेवू नका.